दुखणं उलटतं तेव्हा

पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि माणूस चार पावलं तसाच पुढे गेला, तर आपल्याकडचे डॉक्टर त्यावरून पायांच्या नसांची अवस्था ओळखतात. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर बॉर्टेझोमिबचं इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला तर हा प्रश्न आवर्जून विचारावा लागतो. नुसतं 'मुंग्या येतात का' म्हटलं, की उत्तर येतं, 'चालायचंच'. एकदा आटोक्यात आलेलं दुखणं पुन्हा उलटलेलं असतं. त्यावर मिळालेलं औषध बंद पडू नये, म्हणून माणूस मुंग्यांबद्दल बोलतच नाही.

औषधांच्या मोठ्या चाचण्यांत नसांच्या इजेची प्रतवारी ठरलेली असते. रोजची कामं, म्हणजे स्वयंपाक, बाजारहाट, अडायला लागली की दुसरी श्रेणी. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं हे स्वतःचं स्वतःला जमेना झालं की तिसरी. छापील निबंधात ठळकपणे दिसतात ते तिसऱ्या आणि त्यापुढच्या श्रेणीचे आकडे. पण मोसंबीच्या झाडाला आळं करणाऱ्या, फांदीवरचं फळ हाताच्या अंदाजाने खुडणाऱ्या माणसाची रोजी दुसऱ्या श्रेणीतच बुडते. निबंधातला 'सौम्य ते मध्यम त्रास' आणि त्याच्या घरातला त्रास यांच्यातलं हे अंतर म्हणजेच मायलोमाच्या औषधांच्या इतिहासाची न सांगितलेली बाजू आहे.

पाचोड हे पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव, मोसंबीच्या बाजारासाठी नावाजलेलं. छत्रपती संभाजीनगर इथून पन्नासेक किलोमीटर. तिथे आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्याआधी मराठवाड्यातल्या गरीब कर्करुग्णाचा रस्ता बहुधा थेट परळला जायचा. 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पायरीवर, आणि मुक्कामाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आजार एकदाच होऊन गेला असता तर ही वारीही एकदाच करावी लागली असती. मायलोमा तसा नाही. तो औषधाने दबतो, महिने किंवा वर्षं गप्प राहतो आणि बहुतेकांच्या बाबतीत परत येतो. दर वेळी पहिल्यापेक्षा हट्टी होऊन येतो.

शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी हाडांच्या पोकळीत राहतात. त्यांच्यातली एखादी बेभान वाढू लागते आणि एकाच साच्याचं निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. हाडं आतून पोखरली जातात, रक्त कमी होतं, मूत्रपिंडं तुंबतात. सुरुवात बहुधा पाठदुखीने होते. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पाठदुखीकडे कोण बघतो? 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा येतो, वेदनाशामक गोळ्या येतात, आणि त्याच गोळ्या आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडांना आणखी खाली ढकलतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार सत्तरीच्या आसपासच्या माणसांना गाठतो. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत रुग्णाचं मध्यम वय पंचावन्नच्या आगेमागे दिसतं. म्हणजे घर चालवणारा माणूस.

या आजाराची सगळ्यात गाजलेली जुनी नोंद लंडनची. थॉमस अलेक्झांडर मॅकबीन नावाचा पंचेचाळिशीच्या घरातला प्रतिष्ठित व्यापारी छातीत आणि पाठीत असह्य कळा घेऊन डॉक्टर विल्यम मॅकिन्टायर यांच्याकडे गेला. आधी त्याचं रक्त काढलं होतं, जळवा लावल्या होत्या, छातीला लेप बांधला होता. मग लोह आणि क्विनीन दिलं होतं. त्याने तरतरी आली. मॅकबीन स्कॉटलंडला जाऊन डोंगरांतून हिंडून आला, आणि परतल्यावर दुखणं उलटलं. नोव्हेंबर 1845 मध्ये त्याच्या लघवीचा नमुना रसायनाचे जाणकार हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पोचला. त्यातलं विचित्र प्रथिन आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. 1 जानेवारी 1846 रोजी मॅकबीन गेला. मायलोमाच्या या जुन्या नोंदीतच औषधाने वाटलेलं बरं आणि मागून आलेला पलटा असे दोन्ही आहेत. लोह-क्विनीनने खरंच काही केलं होतं, की दुखण्यानेच थोडी उसंत घेतली होती, हे त्या एका माणसावरून सांगता येणं शक्य नव्हतं.

ही अडचण पुढची शंभर वर्षं कुणाला फारशी टोचली नाही. 1947 मध्ये स्वीडनच्या निल्स अल्वाल यांनी युरेथेन दिल्यावर मायलोमाचा रुग्ण सुधारल्याचं लिहिलं आणि जवळपास वीस वर्षं हे औषध जगभर वापरात राहिलं. मळमळ होई, भूक मरे, तरी माणसं ते घेत, कारण दुसरं काही नव्हतं. अखेर अमेरिकेत जेम्स हॉलंड आणि सहकाऱ्यांनी 83 रुग्णांची सोडतीने विभागणी केली. काहींना युरेथेन दिलं, काहींना चेरी आणि कोलाच्या चवीचं साधं सरबत. 1966 मध्ये निकाल छापून आला. युरेथेन सरबताहून कशातच सरस नव्हतं. वीस वर्षं हजारो माणसांनी ओकाऱ्या काढत घेतलेलं औषध रंगीत पाण्यापुढे हरलं.

सोडतीच्या चाचणीवर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर या प्रसंगात आहे. पुढे त्याच चाचणीच्या मर्यादा सांगायच्या आहेत, म्हणून हे आधी सांगणं भाग आहे.

तोवर खरं औषध आलेलं होतं. 1958 मध्ये सोव्हिएत रशियातल्या ब्लोखिन यांनी मेल्फालनचा उपयोग दाखवला, 1969 मध्ये अमेरिकेतल्या अलेक्झानियन यांनी त्याच्या जोडीला प्रेडनिसोन दिलं तर जास्त फायदा होतो हे सिद्ध केलं. गोळ्यांची ही जोडी तीसेक वर्षं मायलोमाचा मुख्य उपचार राहिली. 1983 मध्ये लंडनच्या मॅकएल्वेन आणि पाउल्स यांनी मेल्फालनचा प्रचंड मोठा डोस देऊन पाहिला, आणि त्याच वर्षी 20 मार्चला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. ते रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगासाठी, एका लहान मुलीवर होतं. पुढे मोठा डोस आणि रुग्णाच्याच मूळपेशी परत देणं ही मायलोमाचीही वहिवाट झाली. आयुष्य वाढलं. पण त्यानंतर आजार उलटला, तर डॉक्टरांच्या हातात सांगण्यासारखं काही उरत नसे.

ते पुढे जिथून आलं, तिथे शोधायला कुणी गेलं नसतं.

थॅलिडोमाइड हे नाव विसाव्या शतकातल्या सगळ्यात बदनाम औषधाचं. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने ते झोपेसाठी बाजारात आणलं. गरोदर स्त्रिया ते सकाळच्या मळमळीवर घेऊ लागल्या. 1961च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत हातापायांची वाढ खुंटलेली दहा हजारांच्या वर बाळं जन्माला आली होती. अमेरिकेत औषध प्रशासनातल्या फ्रान्सेस केल्सी यांनी, 'सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही' म्हणत परवानगी अडवून धरली म्हणून तो देश बव्हंशी वाचला. औषधांच्या परवान्याआधी परिणाम आणि सुरक्षितता या दोन्हींचा पुरावा मागणारे आजचे कडक कायदे याच शोकांतिकेनंतर आले.

औषध पुरतं गाडलं गेलं असतं. पण 1964 मध्ये जेरुसलेमच्या जेकब शेस्किन यांच्याकडे कुष्ठरोगाची तीव्र प्रतिक्रिया उठलेला एक रुग्ण वेदनेने तळमळत होता, झोप नव्हती. त्यांनी झोपेसाठी म्हणून जुन्या साठ्यातलं थॅलिडोमाइड दिलं. झोप लागलीच, शिवाय अंगावरच्या दुखऱ्या गाठीही काही दिवसांत बसू लागल्या. अशा गाठी आणि ताप घेऊन येणारी माणसं महाराष्ट्रातल्या कुष्ठरोग दवाखान्यांना अनोळखी नव्हती. या एका उपयोगावर औषध कसंबसं जिवंत राहिलं, आणि 1998 मध्ये त्याच कारणासाठी अमेरिकेत त्याला परवाना मिळाला.

दरम्यान बोस्टनमध्ये ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डी'अमॅटो यांनी 1994 मध्ये दाखवलं, की थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. गाठींना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याच अडवल्या तर? न्यूयॉर्कचा एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ मायलोमाने अंथरुणाला खिळला होता, सगळे उपाय थकले होते. त्याची पत्नी निबंध वाचत, डॉक्टरांना फोन करत फोकमनांपर्यंत पोचली. त्यांनी थॅलिडोमाइडचं नाव घेतलं आणि आर्कान्सामधल्या लिटल रॉकचे बार्ट बार्लोगी ते द्यायला तयार झाले. तिच्या नवऱ्याला उशीर झालेला होता, तो वाचला नाही. पण त्याच्यापाठोपाठ औषध दिलेल्या एका रुग्णाचं रक्तातलं प्रथिन झपाट्याने उतरलं.

18 नोव्हेंबर 1999 रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या निबंधावर पहिलं नाव सीमा सिंघल यांचं होतं. 84 रुग्ण. त्यातल्या 76 जणांचा आजार मोठ्या डोसच्या केमोथेरपीनंतरही उलटलेला. एकूण 84 पैकी 32 टक्क्यांमध्ये औषधाने काम केलं. आकडा ऐकायला लहान वाटतो. ज्यांच्यासाठी आदल्या वर्षापर्यंत काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाला तो श्वास होता. हे सोडतीचं संशोधन नव्हतं, तुलनेला दुसरा गट नव्हता. रुग्णाच्या खाटेपाशी केलेलं निरीक्षणच होतं, पण मोजून, लिहून, एकही रुग्ण न गाळता केलेलं. औषध नेमकं कसं काम करतं हे तेव्हा ठाऊकही नव्हतं. ते कोडं 2010 मध्ये जपानी संशोधकांनी सोडवायला घेतलं. पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला हे औषध चिकटतं, आणि मग मायलोमाच्या पेशीला जगायला लागणारी प्रथिनं ती पेशी स्वतःच मोडीत काढते, हे 2014 पर्यंत स्पष्ट झालं.

मग दारं एकामागून एक उघडली. मे 2003 मध्ये बॉर्टेझोमिबला अमेरिकेत परवाना मिळाला. 2005 मध्ये 669 रुग्णांच्या चाचणीत त्याने उलटलेला आजार सरासरी 6.2 महिने रोखून धरला, नुसत्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने 3.5 महिने. 2006 मध्ये थॅलिडोमाइडची सुधारलेली धाकटी बहीण लेनालिडोमाइड आली. 2007 मध्ये छापलेल्या दोन चाचण्यांत तिच्यासह आजार अकरा महिन्यांवर थोपला, तिच्याविना पावणेपाच. हे महिने आहेत, वर्षं नव्हेत. पण मायलोमाच्या डॉक्टरांनी याआधी असे आकडे पाहिलेच नव्हते.

भारतात या औषधांची गोष्ट लगेच वेगळं वळण घेते. 1970 च्या पेटंट कायद्याखाली तयार झालेल्या आपल्या उद्योगाला रेणू बनवण्याचं कसब अंगवळणी पडलेलं होतं. हैदराबादच्या नॅटको फार्मासारख्या कंपन्यांनी बॉर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड इथेच बनवायला घेतली. अमेरिकेत लेनालिडोमाइडचं पहिलं स्वस्त रूप मार्च 2022 मध्ये दुकानात आलं, तेही टेव्हा आणि नॅटको यांच्याच हातून. भारतातला रुग्ण त्याच्या कितीतरी आधीपासून देशी गोळी खात होता. या बाबतीत पाचोडचा माणूस शिकागोच्या माणसाच्या पुढे होता, आणि त्याबद्दल आपल्या औषध कारागिरांचं ऋण मोकळेपणाने मानायला हवं.

स्वस्त औषध हाती आल्यावर प्रश्न बदलतो. चाचणीत जे घडलं ते इथे घडतं का?

चाचणीच्या दारावर पहारा असतो. मूत्रपिंड बरंच बिघडलेलं नको. रक्त फार कमी नको. आधीच्या औषधाने नसा फार दुखावलेल्या नकोत. 2020 च्या सुमारास अमेरिकेत उलटलेल्या मायलोमाच्या तीन हजारांवर सर्वसामान्य रुग्णांच्या नोंदी सहा गाजलेल्या चाचण्यांच्या निकषांना लावून पाहिल्या. कुठली चाचणी घेतली त्यानुसार जवळपास निम्म्यापासून सत्तर टक्क्यांच्या वर रुग्ण दारातच अडले असते. आणि जे अडले असते, त्यांचं पुढे जास्त वाईट झालं. मूत्रपिंडं आधीच थकलेल्या, पाठदुखीत वर्ष घालवून आलेल्या मराठवाड्यातल्या रुग्णांची अशी चाळणी लावली तर काय उरेल, याचा अंदाज बांधायला आकडेशास्त्र लागत नाही.

युरोपातून आलेली दुसरी पाहणी याहून अस्वस्थ करणारी आहे. सात देशांतल्या 4,997 रुग्णांचे कागद क्वी याँग आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये तपासले. पहिला उपचार 95 टक्क्यांना मिळाला. आजार उलटल्यावर दुसऱ्या उपचारापर्यंत 61 टक्के पोचले. तिसऱ्यापर्यंत 38, चौथ्यापर्यंत 15, पाचव्यापर्यंत एक टक्का. जिथे उपचाराचा खर्च बहुतांशी सरकार किंवा विमा उचलतो, त्या देशांतली ही गळती आहे. नवी औषधं मात्र बहुधा आधी चौथ्या-पाचव्या वळणावर तपासली जातात, जिथवर हाडामांसाचे थोडेच रुग्ण पोचतात. म्हणून दुसऱ्या वळणावर काय दिलं, किती दिलं आणि ते त्याला सोसलं का, हा प्रश्न मायलोमात सगळ्यात मोलाचा ठरतो.

त्याची उत्तरं कशी सापडत गेली, ही या इतिहासाची सगळ्यात दिलासा देणारी बाजू. ती नव्या रेणूंतून आली नाहीत, जुन्याच औषधांच्या मात्रेत आणि देण्याच्या पद्धतीत मिळाली.

पहिलं उत्तर डेक्सामेथासोनचं. लेनालिडोमाइडबरोबर सुरुवातीला डेक्साचा मारा असे: महिन्यात चार-चार दिवसांची तीन सत्रं, प्रत्येक दिवशी 40 मिलिग्रॅम, एकूण 480. रुग्णाची साखर भडके, झोप उडे, जंतुसंसर्ग होई, रक्ताच्या गुठळ्या धरत. मेयो क्लिनिकचे व्हिन्सेंट राजकुमार आणि सहकाऱ्यांनी 445 नव्या रुग्णांत आठवड्यातून एकदाच, म्हणजे महिन्याला 160 मिलिग्रॅम देऊन तुलना केली. आजाराचा आकडा जास्त डोसने जास्त उतरला. पण वर्षाअखेर कमी डोसच्या गटात 96 टक्के माणसं जिवंत होती, जास्त डोसच्या गटात 87. 2010 मध्ये हे छापून आलं आणि उलटलेल्या आजारातही आठवड्याला एक डेक्सा ही रीत रूढ झाली. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या मुलखात या बदलाने किती जीव वाचवले असतील, ते मोजायला कुणी बसलेलं नाही.

दुसरं उत्तर सुईचं. बॉर्टेझोमिब आधी शिरेतून देत. 2011 मध्ये फ्रान्सच्या फिलिप मोरो यांच्या गटाने आजार उलटलेल्या 222 रुग्णांत तेच औषध कातडीखाली देऊन पाहिलं. परिणाम तेवढाच. नसांना गंभीर इजा मात्र 16 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आली. तिसरं उत्तर कॅलेंडरचं. इटलीत आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा देऊन पाहिलं तेव्हा गंभीर इजा 28 वरून 8 टक्क्यांवर उतरली, आणि आजार रोखण्यात फरक पडला नाही.

आठवड्यातून दोनदा आणि एकदा यातला फरक पाचोडच्या एसटी थांब्यावर उभं राहिल्याशिवाय पुरता कळत नाही. दोनदा म्हणजे चार प्रवास, सोबतीच्या माणसाचे दोन बुडालेले रोज, आणि मोसंबीचा तोडा चालू असेल तर घरात भांडण. एकदा म्हणजे ते निभतं. निबंधाने मोजली नसांची इजा. जो रुग्ण उपचार अर्धवट सोडणार होता आणि सोडून गेला नाही, तो निबंधाच्या बाहेरच राहिला.

नागिणीचंही तसंच. बॉर्टेझोमिबच्या 2005 च्या चाचणीत 13 टक्के रुग्णांना नागीण उठली, नुसत्या डेक्साच्या गटात 5 टक्क्यांना. नागिणीची दोन टोकं कमरेभोवती जुळली की माणूस जातो, ही समजूत आपल्या खेड्यांत घट्ट आहे. गेरू लावला जातो, मंत्रून घेतलं जातं, आणि दवाखान्यात यायला आठवडा जातो. असायक्लोविरची साधी, स्वस्त गोळी रोज घेतली तर बहुतेक वेळा नागीण उठतच नाही. लेनालिडोमाइडच्या जोडीला, पायातल्या गुठळीच्या भीतीने, लहान डोसची अॅस्पिरिन दिली जाते. या दोन गोळ्यांची किंमत चहाच्या कपाएवढी. मुख्य औषधाची बाटली जपून ठेवायची आणि या साध्या गोळ्या संपल्यावर आणायच्या राहिल्या, असं घडलं की महागडं औषधही धोक्याचं होतं.

नवं ते सगळं चांगलं, असंही या काळात झालं नाही. व्हेनेटोक्लॅक्स हे दुसऱ्या रक्तकर्करोगांत उत्तम ठरलेलं औषध उलटलेल्या मायलोमात बॉर्टेझोमिबबरोबर देऊन पाहिलं, तेव्हा आजार जास्त काळ थांबला आणि तरीही माणसं जास्त दगावली: त्या गटात 194 पैकी 41, दुसऱ्या गटात 97 पैकी 11. संसर्गाने झालेले मृत्यू त्यात ठळक होते. 2019 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला. बेलान्टामॅब हे डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला त्रास देणारं औषध 2020 मध्ये आलं, निर्णायक चाचणीत कमी पडल्यावर 2022 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं आणि पुढे वेगळ्या जोडीत परतलं. आजाराचा आकडा थोपवणं आणि माणूस जगवणं या दोन गोष्टी आहेत, हे युरेथेनच्या काळापासून मायलोमा पुन्हा पुन्हा सांगत आला आहे.

खरोखर मोठी झेप घेतली डॅरॅटुमुमॅबने. नोव्हेंबर 2015 मध्ये परवाना, आणि पुढच्याच वर्षी 569 रुग्णांच्या चाचणीचा निकाल. लेनालिडोमाइड-डेक्साच्या जोडीला ते दिलं, तर वर्षभरानंतर आजार न वाढलेले रुग्ण 83 टक्के, न दिलेल्या गटात 60. पण पहिली सलाइन सात तासांची. गावाकडचा माणूस त्या दिवशी परत जाऊ शकत नाही. 2020 मध्ये कातडीखाली द्यायचं रूप आलं, ते पाच मिनिटांत संपतं. शिवाय या औषधाची एक वेगळीच खोड आहे. ते तांबड्या पेशींनाही हलकं चिकटतं आणि रक्तपेढीतली जुळणीची चाचणी फसवतं. रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी अचानक रक्त चढवायची वेळ आली आणि त्याच्या खिशात 'मी हे औषध घेतो' असं सांगणारी चिठ्ठी नसेल, तर तंत्रज्ञ तासन् तास चुकीच्या वाटेवर शोधत बसतो. मोठ्या शहरातल्या चाचणीत ही अडचण तळटीप असते. पैठणला किंवा अंबडला ती रात्र काढते.

किमतीचा लढा वेगळाच चालला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बॉर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि थॅलिडोमाइड मायलोमासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारताच्या राष्ट्रीय यादीत लेनालिडोमाइड 2022 मध्ये आलं. 2019 मध्येच केंद्राने 42 कर्करोग औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने तर रुग्णालयांची मागणी एकत्र करून 40 औषधांची घाऊक खरेदी केली आणि 1,320 कोटी रुपये वाचवले. दुकानदाराशी घासाघीस करताना एकट्याचं चालत नाही, दहा जण मिळून गेलं की चालतं. बाजारहाट करणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेलं हे शहाणपण औषधांना लागू व्हायला इतका वेळ का लागला, हा प्रश्न विचारायलाच हवा. डॅरॅटुमुमॅब सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीतून मुक्त झालं, तरी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या मेहनतीतून आलेली देशी कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याची) एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पित झाली, पण ती दुसऱ्या रक्तकर्करोगांसाठी आहे. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आधाराने कर्करोगाचे असंख्य उपचार निभतात. तिच्यात बसणाऱ्या औषधावर आजार उलटला, की पुढच्या औषधाचा खर्च घरावर येतो.

पाचोडला मोजण्याचं काम नवं नाही. डॉ. अशोक दयालचंद यांनी इथे उभी केलेली आरोग्य व्यवस्थापन संस्था चार दशकांहून अधिक काळ माता, बालकं आणि किशोरवयीन मुली यांच्यासाठी काम करते आहे. कागदावर चांगली दिसणारी योजना घराच्या उंबऱ्याच्या आत काय होते, हे दारोदार जाऊन पाहणं ही तिथली शिस्त. कर्करोगाच्या औषधांना अजून तेवढी शिस्त लागलेली नाही. उलटलेल्या मायलोमाचा रुग्ण किती इंजेक्शनांनंतर येईनासा झाला, कशाने येईनासा झाला, मुंग्यांनी, पैशांनी की घरातल्या लग्नाने, हे एखाद्या जाड रजिस्टरात डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात असतं, किंवा कुठेच नसतं. मॅकबीनचं दुखणं उलटलं ते मॅकिन्टायर यांनी लिहून ठेवलं, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी ते सांगता येतं.

बावन्न किलो वजनाच्या, एकशे साठ सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर भरतं. बॉर्टेझोमिबचा डोस चौरस मीटरला 1.3 मिलिग्रॅम. गुणाकार केला की येतात जेमतेम दोन. परदेशातून आलेली मूळ कुपी साडेतीन मिलिग्रॅमची होती, उरलेलं फेकावं लागे. भारतीय कारखान्यांनी दोन मिलिग्रॅमची कुपी काढली, आपल्या बारक्या अंगाच्या माणसाच्या मापाची. परिचारिका त्या पांढऱ्या पुडीत एक मिलिलिटरहून कमी सलाइन घालते, कुपी हातात फिरवते, बेंबीपासून थोडं दूर कातडीची चिमूट धरते. मागच्या वेळी कुठे टोचलं होतं ते विचारते. डाव्या बाजूला, असं उत्तर येतं. मग ती उजवीकडे टोचते, वहीत बाजू लिहिते, आणि पुढचा प्रश्न विचारते: चप्पल पायात राहते ना?